सुरूच्या बनातून चार सायकली

आमची ही म्हणायची, "वर्षातले आठ दिवस सायकलवर जाता आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलत बसता!" खोटं नव्हतं ते. किस्से गोळा करायला मुद्दाम कुठं जावं लागत नाही. चार माणसं, चार सायकली आणि अनोळखी रस्ता एवढं जमलं की ते आपणहून मागं लागतात. मग घरी आलं तरी पाठ सोडत नाहीत.

नव्वदच्या दशकात आम्ही चौघं नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होतो. मी टर्नर. दिलीप स्टोअरकीपर, जाडजूड मिशीचा, बडबड्या. बबन शेळके वेल्डर, अकोले तालुक्याच्या डोंगरातला, भाताच्या खाचरात वाढलेला. आणि साळवे, क्वालिटी इन्स्पेक्टर. साळवेच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली, असं तो अभिमानानं सांगायचा. बबन त्याला 'साहेब' म्हणायचा आणि भुतांचा विषय निघाला की मुद्दाम त्याच्याकडं बघायचा.

दिवाळीनंतर आम्ही रजा टाकायचो. माळशेज घाटानं खाली उतरायचं आणि मग समुद्राच्या कडेकडेनं, जंगलातून, खाड्या ओलांडत जमेल तितकं दक्षिणेला जायचं. सायकली साध्या, काळ्या, बिनगिअरच्या. परत येताना एसटीच्या टपावर टाकायच्या.

साळवेची एक अट होती. "किस्सा सांगताना वाढवायचं नाही. चौघांनी पाहिलं तेवढंच!" ती अट मी आजही पाळतो.

*

पहिल्या वर्षी पाऊस लांबला होता. माळशेजच्या तोंडाशी पोचलो तर पुढं रस्ताच नाही, नुसतं पांढरं धुकं. सायकलचं पुढचं चाकसुद्धा नीट दिसेना. सायकली हातात धरून चालत उतरायचं ठरलं. सगळ्यात पुढं बबन होता.

थोडं उतरल्यावर त्याला वाटलं, दिलीप मागं राहिला. त्यानं हाळी दिली, "दिल्याऽऽ!"

खालून, दरीच्या अंगानं, आवाज आला, "आलोऽऽ!"

दिलीप माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझं मनगट धरलं. "मी कुठं आलो?"

बबनला हे काही कळलं नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं, "कुठं हायेस रं?"

"खाली हाय! या लवकर!"

साळवे म्हणाला, "प्रतिध्वनी आहे."

"प्रतिध्वनी 'या लवकर' म्हणतो का?" दिलीपचा आवाज चिरका झाला होता.

मग कोणी हाळी दिली नाही. आमच्या सायकलींच्या चेनचा आवाज तेवढा येत होता. पाण्याचे थेंब कड्यावरून टपटपत होते, आणि पुढच्या वळणाकडं जायला कोणाचाच पाय उचलत नव्हता. एवढ्यात धुक्यातून एक माणूस वर आला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात लाल झेंडी.

"कोन बोलवत हुतं मला?"

दरड पडली होती, ती काढणाऱ्या लोकांचा तो मुकादम. त्याचं नावही दिलीप!

आमच्या दिलीपनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि सोडेचना. "च्यायला, तू आहेस होय! मी म्हटलं, मी आहे की काय!"

*

कोकणात जायच्या आधी, मे महिन्यात, आम्ही बबनच्या मुलखात सराव करायचो. संगमनेर, अकोले आणि मग भंडारदरा. धरणाच्या मागं जंगलातून पाण्याला वळसा घालणारा रस्ता आहे, त्यावर चढ-उतारांनी मांड्या भरून यायच्या.

एका उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं होतं. बबन म्हणाला, "वळसा कशाला? खालचा जुना रस्ता उघडा पडलाय. सरळ पल्याड निघू."

भेगाळलेल्या गाळावरून खरंच एक दगडी रस्ता खाली गेला होता. दोन्ही बाजूंना घरांची जोती, एका विहिरीचा काठ, एक फुटलेलं जातं. भर दुपारची वेळ, पण पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं मला. दिलीपनंही आवाज खाली आणला होता.

रस्ता जाऊन जाऊन पाण्यातच शिरला. कुठं तुटला नव्हता. एखाद्या दारातून आत जावा तसा शिरला होता.

काठाला खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा पोटरीएवढ्या पाण्यात उभा होता. "कुठं निघाले?"

"पल्याड," बबन म्हणाला.

"मंग जावा की सरळ. ह्यो काय रस्ता. पुढं गाव हाय."

"बाबा, पुढं पाणी आहे," मी म्हणालो.

"पानी हाय, व्हय. गाव त्याच्या खाली हाय." तो अगदी सरळ चेहऱ्यानं बोलत होता. "देवळापाशी डावीकडं वळा. चा घेतल्याबिगर फुडं जाऊ नका. म्हनावं, मी धाडलंय."

आम्ही सायकली वळवल्या. साळवे सगळ्यांत आधी! वर रस्त्याला लागेपर्यंत एकानंही मागं बघितलं नाही.

धरणाजवळच्या चहावाल्याला बबननं विचारलं. तो म्हणाला, "आमचाच म्हातारा. धरन झाल्यावर जन्मला तो. गाव त्यानं कवा बघितलंच न्हाई. बापाकडनं ऐकून ऐकून रस्ते पाठ झाले. समद्यांना असंच सांगतो."

"कोणी ऐकलं का कधी त्याचं?"

"गेल्या साली एक पावना गेला."

आम्हां चौघांचे कप हवेतच थांबले. "मग?"

"मंग काय. वला झाला!"

*

कोकणात ओहोटीच्या वेळी ओली वाळू अशी घट्ट होते की डांबरी रस्ता तिच्यापुढं काही नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उतरत आलेलं जंगल, आणि मधल्या पट्ट्यावर आम्ही. एका सकाळी अशी दोनेक मैल सायकल हाणली. किनाऱ्यावर दुसरं माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं.

टोकाला खडक लागले तिथं उतरलो. साळवेनं सहज मागं बघितलं आणि बघतच राहिला.

"काय झालं?"

"मोज."

वाळूवर आमच्या चाकांच्या रेघा आल्या होत्या. त्या तीन होत्या.

"दोघं एकाच रेघेत आले असतील," साळवे म्हणाला. "एकमेकांच्या मागं. सोपं आहे. कोण कोणाच्या मागं होतं?"

दिलीप म्हणाला, "माझ्यापुढं कोणी नव्हतं." मी म्हणालो, माझ्याही पुढं नव्हतं. बबनच्या पुढं नव्हतं. साळवे जरा वेळानं म्हणाला, "माझ्यापण नाही."

मग जे सुरू झालं ते बघायला कोणी हवं होतं. "ही डावीकडची माझी!" "तुझी कशी? मी डावीकडून आलो!" "माझ्या टायरची नक्षी बघ!" चार मोठी माणसं तीन रेघांवरून भांडत होती, आणि चौथी रेघ नसलेला माणूस कोण, हे कोणालाच ठरू द्यायचं नव्हतं. भांडता भांडता लाट आली आणि सगळंच पुसून गेली.

तिथून पुढं बबन सायकलवर बसला नाही. गाव येईपर्यंत वाळूतून चालत आला. दर दहा पावलांनी थांबून मागं बघायचा.

"काय बघतोस रे?"

"पावलं उमटत्यात का, ते!"

*

सुरूच्या बनात वारा शिरला की माणसं बोलल्यासारखा आवाज येतो. शब्द कळत नाहीत, पण आपल्याबद्दलच चाललंय असं वाटतं. अशा एका बनातून दुपारी आम्ही चाललो होतो. खाली सुयांसारख्या पानांचा थर, चाकाचाही आवाज येत नव्हता.

मधोमध एका झाडाला सायकल टेकवलेली दिसली. काळी, आमच्यासारखीच. पुसलेली, तेलपाणी केलेली. कॅरिअरला कापडात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा. भोवती माणूस नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. बनाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दाट जंगल. झोपडी, बोट, काही नाही.

दिलीपनं डब्याला हात लावला आणि मागं घेतला. "गरम आहे!"

थोडा वेळ थांबलो. कोणी आलं नाही. वारा तेवढा बोलत राहिला. कोणी तरी झाडाआडून बघतंय असं मला वाटत होतं, पण 'निघू या' म्हणायची लाज वाटत होती. शेवटी साळवेच म्हणाला, "उशीर होतोय." आम्हांला तेवढं पुरलं.

पुढची खाडी उधाणामुळं बंद होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच बनातून परत यावं लागलं. सायकल तिथंच, त्याच झाडाला. डबा कॅरिअरला. वाळलेल्या पानांचा एक थर सीटवर जमला होता, म्हणजे ती जागची हललेली नव्हती.

बबननं डब्यावर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"काय?"

"आजबी गरम हाय."

साळवेनं कारण काढलं. रोज कोणी तरी डबा आणून ठेवत असणार, घेणारा माणूस जंगलात कामाला असणार. आम्ही सगळ्यांनी जोरजोरात मान हलवली. "बरोबर! कोणी तरी रोज बदलत असणार!"

बन संपलं, गाव दिसायला लागलं, तेव्हा बबन हळूच म्हणाला, "साहेब, डबा बदललेला न्हाई."

"तुला काय माहीत?"

"काल तुमी हाका मारत हुते तवा मी उघडून बघितला हुता. वरच्या भाकरीचा एक कोपरा मोडून खाल्ला." तो खाली मान घालून बोलत होता. "आज साहेब कारनं सांगत हुते तवा पुन्हा उघडला. कोपरा मोडलेलाच हुता."

*

एका वर्षी साळवेचा शर्ट गेला. शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम होता, तिथं वाळत टाकलेला. आमच्या वर्कशॉपचा निळा शर्ट. डाव्या कोपरावर त्याच्या बायकोनं लाल दोऱ्यानं रफू केलेलं, कारण घरातला निळा दोरा संपला होता. त्या लाल दोऱ्यावरून आम्ही त्याला वर्षभर चिडवलं होतं.

दोन दिवस सायकल मारून आम्ही बरंच पुढं गेलो. एका वळणावर नाचणीचं शेत लागलं. काढणी उरकलेली, आणि मधोमध बुजगावणं. निळा शर्ट!

"अरे, साळवे उभा आहे!" दिलीप ओरडला.

आम्ही हसत हसत शेतात शिरलो. जवळ गेल्यावर हसू कमी झालं. खिशावर आमच्या वर्कशॉपचं भरतकाम. डाव्या कोपरावर लाल दोरा. आणि कापड उन्हानं पार विटलेलं, पाठ जाळीसारखी झालेली, कॉलरमध्ये कोळ्यानं जुनं घर केलेलं.

बांधावर एक बाई गवत कापत होती. साळवेनं तिला विचारलं, "मावशी, हा सदरा कुठून आणला?"

"तो? दोन पावसाळे झाले त्याला. आमच्या ह्यांनी बांधलेला. का हो?"

साळवे परत बुजगावण्यापाशी गेला. कोपरावरचं रफू त्यानं बोटांनी चाचपलं, एक एक टाका मोजल्यासारखं.  

मग तो वळला आणि म्हणाला, "माझा नाही."

"अरे, पण लाल दोरा..."

"माझा नाही म्हटलं ना! माझा असता तर मी असा उभा राहिलो असतो का?"

या वाक्याचा अर्थ आम्हांला आजतागायत लागलेला नाही. त्याला विचारायची कोणाची हिंमतही झाली नाही.

*

आणि ही खाडीची गोष्ट. मी ही सहसा सांगत नाही.

दुपारचे चार वाजत आले होते. जंगल उतरत उतरत थेट पाण्याला भिडलेलं, खाली लहानसा धक्का. पूल नव्हता. इंजिनाची होडी या काठावरून त्या काठावर फेऱ्या मारायची, तिला तिथले लोक 'तर' म्हणत. तरवाला चाळिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा. त्यानं बबनची सायकल घेतली, साळवेची घेतली. दिलीपनं आपली उचलली तेव्हा तरवाल्यानं त्याच्याकडं बघितलं आणि हँडलवर हात ठेवला.

"तुम्ही पुढच्या फेरीत."

"का? जागा आहे की!"

"पुढच्या फेरीत या."

दिलीप भांडला. होडी अर्धी रिकामी होती, भांडण्यासारखंच होतं. पण तरवाल्यानं इंजिन सुरू केलं. दिलीपच्या सोबतीला मी मागं राहिलो. तो सारखा म्हणत होता, "माझ्या तोंडाला काय झालंय? मी काय महारोगी आहे?"

होडी परत यायला वेळ लागला. या वेळी तरवाल्यानं स्वतः दिलीपची सायकल उचलून पुढं नाळेवर, होडीच्या टोकाशी, ठेवली.

"रागावू नका," तो म्हणाला. त्यानं निम्मी खाडी ओलांडली. मग पाण्याकडं बघत म्हणाला, "माझा धाकटा भाऊ तुमच्यासारखा होता. हीच उंची, हीच मिशी. अशीच सायकल धरून नाळेवर उभा राहायचा. दिवसाच्या शेवटच्या तरीनं येत होता. खाडीच्या तोंडाशी तर उलटली. बाकीचे पोहून आले. सायकल सापडली. तो नाय सापडला."

दिलीप तशीच सायकल धरून नाळेवर उभा होता.

"आई रोज चार वाजता धक्क्यावर येऊन बसते. इतकी वर्षं झाली. तुम्हाला बघून तिला काय वाटेल, म्हणून आधी जाऊन तिला घरात सोडून आलो. तुम्ही उतरलात की थांबू नका. सरळ वर रस्त्याला लागा."

दिलीपनं मान हलवली.

धक्का जवळ आला तशी मला पायऱ्यांवर बबन आणि साळवे दिसले. आणि त्यांच्या पुढं, गुडघाभर पाण्यात, नऊवारीचा काष्टा ओला झालेली एक म्हातारी. तरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"आई! घरी जा म्हटलं ना तुला!"

तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती नाळेकडं बघत होती. होडी हळूहळू तिच्यापर्यंत आली. तिनं काठ धरला.

"किती उशीर रे?"

दिलीपनं तरवाल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.  मला वाटलं, आता हा सांगणार, 'आजी, मी नगरचा.' सांगायलाच हवं होतं.

तो म्हणाला, "सायकल पंक्चर झाली, आई."

"कुठलं चाक?"

"मागचं."

"मग काढलीस?"

"काढली. त्यातच उशीर झाला."

म्हातारीनं हात लांब करून मागच्या चाकावर अंगठा दाबला. एकदा, दोनदा. "हवा आहे," ती म्हणाली. मग ओल्या हातानं तिनं दिलीपचा गाल चाचपला. "जेवलास?"

"जेवलो."

"बरं. मग जा. तुला पुढं जायचं असेल."

ती वळली, पायऱ्या चढली आणि माडांमधून घराकडं गेली. आम्ही पाचही जण बघत होतो. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

दिलीपनं सायकल उतरवली.  "माफ करा," तो तरवाल्याला म्हणाला. "मला राहवलं नाही."

तरवाला होडीतच बसला होता. दोर हातात, पण बांधायचा विसरला होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"त्या दिवशी त्याची सायकल पंक्चर झाली होती. मागचं चाक. ते काढून घेत बसला म्हणून चारची तर चुकली आणि तो शेवटच्या तरीत चढला. पंक्चर काढणाऱ्यानं मला नंतर सांगितलं. तो माणूसही आता नाय." तरवाल्याचा आवाज अगदी खाली गेला. "आईला जास्त त्रास होईल, म्हणून मी हे तिला कधी बोललो नाय. कोणालाच बोललो नाय. तुम्हाला कोणी सांगितलं?"

दिलीपनं माझ्याकडं बघितलं. मी साळवेकडं बघितलं. साळवे पाण्याकडं बघत होता.

"कोणीच नाही," दिलीप म्हणाला.